मंत्रचळ आणि घरातील माया



'मंत्रचळ' हा आपल्या भाषेतील जुना शब्द आहे. वारंवार हात धुणाऱ्या, कडी लावली की नाही हे दहादा पाहणाऱ्या माणसाला आपण तो बहुधा थट्टेने लावतो. परंतु डॉक्टर ज्यास 'ओसीडी' म्हणतात, तो मंत्रचळ थट्टेचा विषय नव्हे आणि स्वभावदोषही नव्हे. तो एक आजार आहे. शंभरातील एक ते तीन व्यक्तींना तो आयुष्यात केव्हातरी गाठतो. या आजाराने घरातील प्रेमसंबंधांवर काय ओढवते, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

नको असलेला विचार मनात घुसतो आणि भीती दाटून येते. ती शमविण्यासाठी रुग्ण एखादी कृती करतो. क्षणभर बरे वाटते. पण तोच विचार पुन्हा परततो. तो निरर्थक आहे हे बहुतेक रुग्णांना ठाऊक असते. कळते पण वळत नाही, हीच त्यांची व्यथा होय.

एक घर डोळ्यांसमोर आणा. पत्नीला जंतूंची भीती आहे. पतीने उंबऱ्याबाहेर कपडे बदलावेत, स्नानाशिवाय मुलाला जवळ घेऊ नये, असा तिचा आग्रह. तो प्रेमापोटी सारे पाळतो. हळूहळू नियम वाढतात. ती त्याचा स्पर्श टाळू लागते आणि आपली तिला किळस येते, असा त्याचा समज होतो. दुसऱ्या घरी तरुणाच्या मनात एकच शंका: 'माझे हिच्यावर खरोखर प्रेम आहे ना?' तो पत्नीलाच दिवसातून वीसदा विचारतो. ती समजूत घालते, थकते आणि अखेर दुखावते.

दोन्ही घरांत प्रेम आहे. पण आजार त्या प्रेमावरच पोसला जातो. प्रत्येक आश्वासनाने भीती क्षणभर ओसरते आणि शंका मात्र बळावते. म्हणून रागावणे जसे चुकीचे, तसे सारे निमूटपणे पाळणेही चुकीचे. 'तुला त्रास होतो आहे हे मला दिसते. उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो,' असे म्हणता आले पाहिजे. मात्र हा बदल एकाएकी लादू नये. रुग्ण आणि डॉक्टर यांच्याशी ठरवून टप्प्याटप्प्याने करावा.

उपचार आहेत. भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीची कृती रोखायची, ही पद्धत व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये १९६६ साली मांडली. आज ती जगभर रूढ आहे. औषधेही आहेत, त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून ती मध्येच सोडू नयेत. शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

आपणाकडून अपेक्षा एवढीच. लिहिलेले पुन्हापुन्हा खोडणारा विद्यार्थी हट्टी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी थांबावे. नवरा-बायकोचा तंटा पंचांपुढे आला, तर दोष कोणाचा हे ठरविण्याआधी या घरात आजार तर नाही ना, हे विचारावे. त्या एका प्रश्नाने एखादा संसार मोडता मोडता सावरू शकेल.