गर्भारपणाचे पहिले तीन महिने



तिसरा महिना सरेपर्यंत ही बातमी आपण घराबाहेर सांगत नाही. गर्भाचे अवयव मात्र याच काळात घडतात. तणावाने आईच्या रक्तात कॉर्टिसोल वाढते. वार त्याचा बराच अंश निष्प्रभ करते, सर्व नव्हे. कॅनडातील क्युबेकमध्ये १९९८ च्या हिमवादळात ज्या गर्भवतींचे अधिक हाल झाले, त्यांच्या मुलांची भाषा सरासरीने थोडी मागे आढळली. रोजच्या धावपळीने बाळ बिघडते, असा याचा अर्थ मुळीच नाही. आईस दोष देणे तर निव्वळ अन्याय! कॅम्प दोनमधून गर्दीची लोकल गाठणाऱ्या सुनेस निदान पाणी भरणे, टोमणे आणि ‘मुलगाच हवा’ हा धाक यांतून मोकळे करावे. बातमी बाहेर गेली नसली, तरी सासूला व पतीला ती ठाऊक असतेच.