तडतड आजींच्या आवाजात नव्हती

दारव्ह्याच्या आमच्या भजनी मंडळातल्या आजी ८२ वर्षांच्या. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला आम्ही बसलो. ऐकून पाहिलं, तर दर ओवीत तडतड. आजी म्हणाल्या, "माहा आवाजच फाटला वं बाई." आम्हाला कसंतरीच झालं.

दोष आजींचा नव्हता. माईक, कॅमेरा आणि पेनड्राइव्ह आम्ही एकाच यूएसबी हबला लावले होते. तिघांची वाट एकच. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने जात असतात. वाट तुंबली की काही गळतात, तिथंच तडतडतं.

मग आम्ही माईक थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावला. तडतड कमी झाली. कॅमेरा, पेनड्राइव्ह काढले, इंटरनेट बंद केलं. शेवटी सेटिंगमध्ये बफर १२८ चा ५१२ केला. आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा येतो, पण तुटत नाही.

तुम्हीही एका वेळी एकच बदल करा आणि ऐका, म्हणजे दोष नेमका सापडतो. हे सगळं आधी आपल्या आवाजावर करा, म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवू नका.

आजी पुन्हा गायल्या. ऐकून म्हणाल्या, "हा माहा आवाज!"