नांगराची 'खबर'

मोठ्या जाहिरातखर्चाऐवजी कल्पकतेच्या बळावर ग्राहकापर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीला अमेरिकी लेखक जे कॉनरॅड लेव्हिन्सन यांनी १९८४ मध्ये 'गरिला मार्केटिंग', म्हणजे गनिमी काव्याचे विपणन, असे नाव दिले. परंतु तिचा ठसठशीत मराठी नमुना त्यापूर्वी सहा दशके आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत घडला होता. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर वसलेल्या या उद्योगनगरीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर तयार होत असत आणि लोखंडाने जमीन नासते, हा शेतकऱ्यांचा सुरुवातीचा समज दूर करणे नांगर घडवण्याइतकेच कष्टाचे होते. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये काढलेली 'किर्लोस्कर खबर' ही गृहपत्रिका, म्हणजे उद्योगसंस्थेने आपल्या माणसांसाठी व ग्राहकांसाठी चालवलेले नियतकालिक, पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचली. तिच्यापाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. मालाची स्तुती करण्याऐवजी वाचनीय मजकूर देऊन वाचकाशी नाते जोडण्याची ही दृष्टी खरोखर असामान्य होती.

समाजमाध्यमे, म्हणजे वापरणाऱ्यांनीच मजकूर निर्माण करून परस्परांना पाठवण्याची व्यासपीठे, याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच, की येथे ग्राहक तत्काळ उत्तर देतो. सांगलीचा बेदाणा किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी विकणारा उत्पादक गट व्हॉट्सॲपवर बागेची चित्रफीत पाठवतो, तेव्हा त्याचा खर्च नगण्य असतो. मात्र पाठवलेला माल चित्रफितीतल्यासारखा न निघाल्यास ती तक्रारही त्याच वाटेने, तितक्याच वेगाने पसरते.