पेंढ्याची उडवी

आमच्या पाममध्ये भाताची झोडणी आटोपली की पेंढ्याची उडवी रचतात. अब्बा म्हणत, "माणसाचं पोट कोठीत, बैलाचं उडवीत." थंडीत माळावरचं गवत वाळतं, चरून पोट भरतं, अंग भरत नाही. पेंढ्यातही प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. १०० किलो पेंढ्यावर ५० लिटर पाण्यात ४ किलो युरिया विरघळवून शिंपडावा, २१ दिवस हवाबंद झाकावा, कस वाढतो. लहान वासरांना मात्र देऊ नये.

२०१५च्या कायद्यापासून म्हातारा बैल कत्तलीसाठी विकता येत नाही. त्याच्याही वाट्याची उडवी रचावी लागते. माझा बैल आता नांगराला जात नाही. सकाळी रिकाम्या गव्हाणीतून मान वर करून माझ्याकडेच बघतो. हिशेब मग तिथेच थांबतो. मी पेंढा काढायला उठतो.