वाऱ्याची मुदत

शिडाच्या नौकेचा प्रवास म्हटला कीं, वाऱ्यानें फुगलेलीं शिडें आणि पाणी कापीत जाणारी नाळ डोळ्यांपुढें येते. परंतु या प्रवासाचें निम्में कौशल्य नांगर टाकून स्वस्थ बसण्यांत असतें.

ग्रीस देशाच्या इजियन समुद्रांत, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्यें, ‘मेल्तेमी’ नांवाचा उत्तरेचा वारा वाहतो. आकाश निरभ्र असतें आणि समुद्र मात्र फेंसाळलेला! वायुभारमापकही पूर्वसूचना क्वचितच देतो. हा वारा तीन-चार दिवस, कधीं आठवडाभरही टिकतो. सिक्लेडीज बेटांतून हौसेनें हिंडणारे जाणते प्रवासी अशा वेळीं बंदर सोडीत नाहींत. आसरा निवडणेंही सोपें नसतें. उंच डोंगराच्या आडोशास शांतता असेल असें वाटतें. पण कधीं कधीं तेथेंच वारा कडा ओलांडून झोतानें खालीं कोसळतो. म्हणून वाळूचा तळ पाहून, खोलीच्या निदान पांचपट साखळी सोडून नांगर टाकतात.

प्राचीन ग्रीक या वाऱ्यांस ‘एतेसियन’, म्हणजे वार्षिक, म्हणत. ‘मान्सून’ शब्दाचें मूळही अरबी ‘मौसिम’, म्हणजे ऋतु, हेंच आहे. नातें केवळ नांवापुरतें नाहीं. उन्हाळ्यांत दक्षिण आशियावर हवेचा जो कमी दाब होतो, त्याचा पसारा पश्चिमेस तुर्कस्तानापर्यंत पोंचतो; बाल्कनकडे दाब अधिक असतो, आणि या तफावतींतून मेल्तेमी उत्पन्न होतो. देवळाली-प्रवरेवरून आषाढांत ढग पळवीत नेणारा पश्चिमेचा वारा हा त्याचा दूरचा भाऊबंदच होय.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक व्यापारी जुलैच्या सुमारास मिसर देशांतून निघून नैर्ऋत्य वाऱ्यावर भारताचा किनारा गाठीत. ‘पेरिप्लस’ या तत्कालीन ग्रंथांत सोपारा, कल्याण व चौल यांचीं नांवें येतात. परतीस ईशान्येचा वारा हवा. म्हणून डिसेंबरपर्यंत थांबण्यावांचून गत्यंतर नसे. कोंकणच्या कोळ्यांचाही नेम तोच. पावसाळ्याच्या तोंडीं होड्या वर ओढून शाकारावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस सागरास नारळ अर्पून मग पुन्हां पाण्यांत लोटावयाच्या.

हा नेम मोडल्याची किंमत महाराष्ट्रानें पाहिली आहे. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येस, ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि खवळलेल्या समुद्रांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. ती शिडाची नव्हे, वाफेची बोट होती. यंत्र आलें म्हणून वाऱ्याची मुदत रद्द होत नाहीं!

नाविकास बंदराबाहेर ओढते ती बहुधा घाई. भाड्याची नौका अमुक दिवशीं परत करावयाची असते, आगगाडीचें वा विमानाचें तिकीट काढलेलें असतें, घरीं कोणी वाट पाहत असतें. यास्तव शहाणा प्रवासी आरंभींच दोन-तीन दिवस मोकळे राखतो. आणि सोबत्यांनीं कितीही आग्रह धरला तरी ‘आज निघावयाचें नाहीं’ असें शांतपणें सांगूं शकतो, त्याच्याच हातीं सुकाणूं द्यावें.