येळवशीचं शिवार



मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहराच्या बाजारपेठेत भर दुपारी शुकशुकाट असतो. जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात आणि अवघा जिल्हा शेतावर जातो. ही आपली वेळ अमावस्या, बोलीतली येळवस. औसा, निलंगा, रेणापूर, पलीकडे धाराशिव, नांदेडकडचा काही भाग आणि सीमेपलीकडचं बीदरसुद्धा त्या दिवशी शिवारात जेवतं. ज्याला शेत नाही, त्याला आवर्जून बोलावणं जातं.

गाव बघायचं तर या दिवशी बघावं. बालाघाटच्या पठारावरची काळी जमीन, हिवाळ्याचं कोवळं ऊन, घाट्यांनी भरलेला हरभरा, पिवळी करडई. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधलेली असते. आत पांडव म्हणून पुजायचे, चुना लावलेले दगड. पूजा झाली की आंबील शिंपडत पिकाभोवती फेरी होते आणि मग पंगत बसते: बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबट आंबील, आणि भज्जी. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, चिंचेचा कोळ, डाळीचं पीठ. शिवारात जे पिकतं ते सगळं एका पातेल्यात. बाहेरून आलेला पाहुणा पहिल्या घासालाच या भज्जीची कृती विचारतो.

पण ही कोप ज्या ज्वारीच्या कडब्याची, ती ज्वारीच शिवारातून मागे सरते आहे. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत हाती येतं, लातूरच्या बाजारात रोख पैसा देतं. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाहीत, कणसावर पाखरं आणि ताटांत रानडुकरं. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तशी कडब्याची गरजही घटली. शेतकऱ्याला याबद्दल दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसानं चार पैसे देणारं पीक निवडलं तर त्यात नवल काय?

तरीही, ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. माणसाला भाकरी देते, जनावराला वैरण देते, आणि येळवशीला छप्पर देते. सगळं रान तिला द्या, असं माझं म्हणणं नाही. यंदा हस्ताचा पाऊस उघडला आणि वाफसा आला, की धुऱ्याच्या कडेनं ज्वारीची चार तासं तेवढी नक्की पेरा.