पांढरी सोडून काळींत

खानदेशांतल्या जुन्या माणसांनीं जमिनीचे दोन भाग मानले होते : काळी आणि पांढरी. काळींत पिकवावयाचें व पांढरीवर राहावयाचें. गांव वसे तें पांढरीवर, आणि त्यांतल्या घरांचीं धाबींहि पांढऱ्या मातीचींच. आज जळगांव आणि धुळें या शहरांच्या भोंवतीं ज्या नव्या वसाहती उठत आहेत, त्यांपैकीं पुष्कळशा कालपरवांपर्यंत कापूस देणाऱ्या काळ्या शेतांत उभ्या आहेत. तेथें घर बांधणाऱ्या गृहस्थाला पूर्वजांच्या अनुभवाचा आधार उरत नाहीं. जमिनीच्या पोटांत काय आहे तें त्याला खणूनच पाहावें लागतें. आणि नेमकें याच कामाकडे त्याचें सर्वांत कमी लक्ष असतें. फरशीचा रंग निवडण्यांत तो चार रविवार घालवितो. पायाच्या खोदाईचा मक्ता मात्र रस्त्यांत उभ्याउभ्या देऊन टाकतो.

काळी माती वैशाखांत आकसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पावसाळ्यांत तीच पाणी पिऊन फुगते. पाया या हालत्या थरांतच ठेवला तर घर दरवर्षीं किंचित् उचललें जातें व पुन्हां बसतें. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते, आणि दर दिवाळीस ती गिलाव्यानें बुजविण्याचें एक नवें व्रत घरास लागतें. म्हणून चर भेगांच्या तळाच्याहि खालीं, निदान पांच फूट, आणि शक्य तेथें मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. काळी माती फारच खोल असेल तर तळाशीं फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनींत ओततात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें ही रीत आपल्याकडे रूढ केली. यांतलें काय करावयाचें तें इंजिनियरनें ठरवावें. मक्तेदारानेंहि नव्हे आणि शेजाऱ्यानेंहि नव्हे.

या सौद्यांतली खरी अडचण अशी कीं, ज्या वस्तूचा सौदा करावयाचा ती दोघांनाहि दिसत नसते. तापीकांठीं यावल-रावेरकडे गाळाचा थर इतका खोल आहे कीं घराच्या चराला त्याचा तळ लागत नाहीं. धुळ्याकडे याच्या उलट. तेथें काळ्या दगडाच्या उभ्या भिंतींसारख्या शिरा जमिनींतून मैलोगणती गेलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांस डाइक म्हणतात. अशी शीर आडवी आली कीं कुदळ थांबते आणि दराची घासाघीस नव्यानें सुरू होते. यावर उपाय एकच : मक्ता देण्यापूर्वीं प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पायाच्या खोलीएवढे खड्डे खणवून पाहावे, आणि माती, मुरूम व खडक यांचे दर निरनिराळे लिहून घ्यावे.

मापाचें भांडण मात्र दोन्ही पक्ष प्रामाणिक असतांनाहि होतें. खोदाई ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. समजा, चरांची एकूण लांबी १२० फूट, रुंदी ३ फूट आणि खोली ५ फूट आहे. माप झालें १,८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास. पण खणलेली माती सैल होऊन सुमारें चवथाईनें फुगते. तीच ट्रॉलींत मोजली तर साडेबावीस ब्रास भरते. या साडेचार ब्रासांवरून वर्षांची ओळख तुटलेली आढळते. रुंद खड्ड्यांत मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खुंट न खणतां राखण्याची जुनी रीत आहे. तो खोलीची साक्ष देतो. अरुंद चरांत काँक्रीट पडण्यापूर्वीं फितीनें माप घेऊन वहींत दोघांनीं सह्या कराव्या.

हल्लीं हातकामापेक्षां जेसीबी बोलावण्याकडे कल आहे. त्याचें भाडें तासावर असतें, तेव्हां तास कोठून धरावयाचा, यंत्र निघाल्यापासून कीं प्लॉटवर लागल्यापासून, तें आधीं ठरवावें. यंत्राचा दांता तळ उकरून सैल करतो. म्हणून शेवटचा अर्धा फूट माणसांकडून खणवावा. चुकून अधिक खोल गेलें तर तेथें माती लोटूं नये, काँक्रीटच भरावें.

चर पुरुषभर खोल झाला कीं प्रश्न पैशाचा राहत नाहीं. भेगाळलेली काळी माती कडेनें फळीसारखी सुटते, आणि आंतल्या माणसाला हांक मारण्यासहि वेळ मिळत नाहीं. एका ब्रास मातीचें वजन चार टनांच्या वर भरतें. ती छातीपर्यंत आली तरी श्वास कोंडतो. म्हणून खणलेली माती कांठावर रचूं नये. खोलीच्या निम्म्याइतकें, आणि कमींत कमी पांच फूट, अंतर सोडावें. चर पांच फुटांच्या खालीं जाऊं लागला कीं दोन्ही बाजूंना फळ्या लावून मध्यें आडवे टेकू द्यावे, किंवा बाजू उतरत्या छाटाव्या; आंत शिडी असावी. मक्तेदार हा खर्च आपण होऊन धरीत नाहीं, कारण मालक सर्वांत कमी दरालाच मान देतो. तो मालकानेंच वेगळा मांडून द्यावा. जुन्या पेठेंत शेजारची भिंत मातीची असेल तर तिच्या कडेचा सबंध चर एकदम उघडूं नये. तीन-चार फुटांचा तुकडा खणून भरावा आणि मगच पुढचा घ्यावा.

पावसांतलें खोदकाम मोठ्यांनाहि जड गेलें आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. आरंभींच त्यांना पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ नेण्याचें दातर्तीचें काम मिळालें. पावसामुळें तें पुढें ढकलावें असें त्यांनीं वरिष्ठांना सुचविलें. तें रुचलें नाहीं असें दिसतांच मात्र त्यांनीं तें हट्टानें पुरें केलें. घरमालकाजवळ विश्वेश्वरय्यांची बुद्धि नसते आणि सरकारी तिजोरीहि नसते. त्यानें मृगापूर्वींच पाया भरून जोत्यापर्यंत यावें. पाऊस आलाच तर पाणी उपसून, तळाचा चिखल खरवडून काढल्यावांचून काँक्रीट ओतूं देऊं नये.

राहतां राहिली वर पडलेली माती. तीच जोत्यांत भरणें मक्तेदाराला सोयीचें, कारण वाहतूक वांचते. पण पुढें ती फुगून फरशा उचलते. जोत्यांत मुरूमच भरावा, आणि काळी माती कोणाची व ती कोणीं न्यावयाची हें मक्त्यांत लिहावें. जवळपासचा एखादा शेतकरी ट्रॉली आणून ती आनंदानें आपल्या शेतांत नेतो.